ट्राइकसाठी हेल्मेट घेताय? हेडसेट घालूनच माप घ्या

नमस्कार मंडळी! "दादा, बाइकचं हेल्मेट ट्राइकमध्ये चालेल का?" हा प्रश्न प्रत्येक व्हिडिओखाली येतो, आणि पावसाळा सरत आला की जास्तच. म्हणून आज फक्त हेल्मेट.

ट्राइक म्हणजे छोटं उघडं विमान: वर कापडी पंख, खाली तीन चाकांची उघडी गाडी, इंजिन आणि प्रोपेलर पाठीमागे. हे तुम्हाला माहीत आहेच, पुढे जाऊ.

बाइकच्या हेल्मेटवरचा आयएसआय शिक्का रस्त्यासाठी आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं बिगर-आयएसआय हेल्मेट विकायला बंदी आली, ते फार चांगलं झालं. पण तोंड झाकणारं ते हेल्मेट दीड किलोच्या आसपास भरतं, वारा तोंडावर घेत सतत मान वळवायची तर मान भरून येते, आणि आत हेडसेटला, म्हणजे रेडिओवर बोलायच्या कान झाकणाऱ्या हेडफोनला, जागाच नसते. उडण्यासाठी आतल्या लेबलवर ईएन ९६६ शोधा. पॅराग्लायडिंग, हँगग्लायडिंग आणि ट्राइकसारख्या हलक्या अल्ट्रालाइट विमानांसाठीचं हे युरोपीय मानक आहे. एकानं विचारलंय, सायकलचं चालेल का? नाही. सायकलवाल्या ईएन १०७८ मध्ये टोकदार वस्तू कवचातून आत घुसते का, ही चाचणीच नाही. ९६६ मध्ये आहे.

आता मुख्य गोष्ट. हेल्मेटचं माप हेडसेट घालून घ्या. लोक टेपनं कपाळाचा घेर मोजतात, ऑनलाइन मागवतात आणि मग हेडसेट कसाबसा आत कोंबतात.

माझ्या एका मित्राचं हेच झालं. जमिनीवर हेल्मेट झकास बसलं होतं. हवेत थोडा वेळ गेला आणि टाळू ठणकायला लागली. हेडसेटची पट्टी डोक्यावरून गेलेली आणि तिच्यावर हेल्मेट! दुखणं सोडा हो, डोकं आपटलं तर फोमच्या आधी ती कडक पट्टी कवटीवर दाबली जाणार. म्हणून पट्टी मानेमागून जाणारा हेडसेट घ्या, नाहीतर कानाचे कप कवचालाच जोडलेले असतात तसं हेल्मेट घ्या.

दुसऱ्या बाजूनं बघा. टू-स्ट्रोक इंजिन तुमच्या पाठीशी ओरडतंय. कपाची गादी कानाभोवती नीट टेकली नाही तर आवाज आत शिरणारच. चष्म्याची जाड काडी, कानटोपी, घट्ट कवच, यातलं काहीही ती गादी उचलतं. तुम्ही रेडिओचा आवाज वाढवता आणि कानाला दुप्पट मार बसतो. चष्मा असेल तर तो लावूनच माप घ्या.

आणि तिसरं, हनुवटीचा पट्टा. सगळं चढवा, पट्टा आवळा, मग मागून, मानेकडून हेल्मेट वर ढकलून पुढे लोटा. निघालं? ठेवून द्या ते. हेडसेटशिवाय ही तपासणी केलीत तर ती केलीच नाही असं समजा, कारण कप आत आले की पट्ट्याचा कोन बदलतो. पंखाकडे वर बघा, खांद्यावरून मागे बघा. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं पाहिजे.

"सेकंडहँड मिळतंय, घेऊ का?" नका घेऊ. आतला फोम एकदा चेपला की त्याचं काम संपतं, आणि बाहेरून ते दिसत नाही. पडलेलं हेल्मेट मित्रालाही देऊ नका.

आता कॅमेरा. कामशेतला पॅराग्लायडर उडवणाऱ्यांना दोऱ्या कॅमेऱ्यात अडकायची भीती, आपल्याला प्रोपेलरची. डोक्यावरून जे सुटेल ते थेट मागे प्रोपेलरमध्ये जाणार. मग तो कॅमेरा असो, हेल्मेटची सैल काच असो की मागच्या सीटवरच्या पाहुण्याची टोपी. कळकळीनं सांगतो, डोक्यावर कॅमेरा नको. ट्राइकच्या नळीला लावा आणि वेगळ्या दोरीनं बांधा. काचेची खिटी उडण्याआधी हातानं ओढून बघा, पाहुण्याच्या हेल्मेटचीसुद्धा. त्याचा पट्टा तुम्ही स्वतः लावा.