दालचिनीच्या कुळातलं दहा कोटी वर्षांपूर्वीचं फूल

दालचिनी, तमालपत्र, कापूर, अव्होकाडो आणि आपल्या महाबळेश्वरच्या रानातला पिसा, ही सगळी एकाच कुळातली झाडं. शास्त्रात त्याला लॉरेसी म्हणतात. यांची फुलं इतकी बारीक की मुद्दाम थांबून कुणी बघत नाही. आज बोलायचंय ते याच कुळातल्या, पण केव्हाच नामशेष झालेल्या मॉल्डिनिया मिराबिलिसबद्दल.

अमेरिकेत मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या वरच्या टोकाला मॉल्डिन माउंटन आहे. तिथला गाळ क्रिटेशस काळाच्या, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळाच्या, मध्यावरचा. ड्रिनन, क्रेन, फ्रीस आणि पेडरसन या चौघा शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये त्यातल्या मॉल्डिनियाच्या फुलांचं वर्णन केलं.

जीवाश्म म्हटलं की दगडावरचा ठसा डोळ्यांपुढे येतो. इथे तसं नाही. या थरांतली बरीचशी फुलं म्हणजे चक्क लोणारी कोळसा! वणव्यात पुरेशी हवा मिळाली नाही की कोवळा भागही जळून राख होत नाही, करपून कोळसा होतो. कोळसा कुजत नाही, सहसा चपटाही होत नाही. गाळ पाण्यात कालवून बारीक चाळणीतून काढायचा, चिकटलेली वाळू हायड्रोफ्लोरिक आम्लाने घालवायची आणि उरलेले काळे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली न्यायचे. काम किचकट, पण त्या कणांत पुंकेसर मोजता येतात.

एरवी जुन्या वनस्पतींचा माग परागकणांवरून काढतात. लॉरेसीत ती सोय नाही. यांच्या परागकणांचं कवच इतकं पातळ की ते गाळात क्वचितच टिकतं. म्हणून मला तरी त्या वणव्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

आता फूल बघू. सगळा हिशेब तीनचा. पाकळ्यांसारख्या दलांची दोन वलयं, बाहेरची दलं आखूड. मग पुंकेसरांची तीन वलयं, म्हणजे नऊ. आतल्या तिघांच्या बुडाशी उपांगांची जोडी. त्याच्या आत तीन वांझ पुंकेसर, आणि मधोमध एकच अंडप (फुलाचा मादी भाग), त्यात एकच बीजांड. दालचिनीचं फूल उघडून बघा, हीच मांडणी दिसेल. परागकोशही दालचिनीसारखाच चिरत नाही, झडपा उघडून पराग सोडतो. फक्त दालचिनीत कप्पे चार, इथे दोन.

मग हे झाड वेगळं कशावरून? फुलोऱ्यावरून. लांब दांड्यावर चपटी, दोन पाळ्यांची पानासारखी अंगं, आणि त्यांच्या वरच्या पृष्ठभागावर देठ नसलेली फुलं चिकटलेली. आज लॉरेसीत असा फुलोरा कुठेच नाही. फुलाचा आराखडा टिकला, फुलोऱ्याची ही तऱ्हा संपली.

आणि हे एकटंदुकटं झाड नव्हतं. याच मॉल्डिनिया प्रजातीतल्या (जीनसमधल्या) दुसऱ्या जाती चेक प्रजासत्ताकात आणि कझाकस्तानातही सापडल्या आहेत. अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यातलं, याच कुळाचं पोटोमॅकँथस हे जीवाश्म फूल तर याहूनही जुनं, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेलं. तेही आजच्या कुठल्याच लॉरेसीशी तंतोतंत जुळत नाही.