काय उपेग?

(तेर. सकाळ. तेरणेचं पात्र, मग गोरोबाकाकांचं मंदिर.)

तेर, जिल्हा धाराशिव. गोरोबाकाकांचं गाव. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं वाजवून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ती कथा इथलीच.

(कुंभाराचं अंगण. थापटण्याचा आवाज.)

आतून दगडी गुंडा धरायचा, बाहेरून थापटणं मारायचं. ठोक्यागणिक माठाचं पोट फुगतं, अंग पातळ होतं. मग उन्हात वाळवण, मग आवा. भाजून निघालेला माठ कुंभारमामा बोटानं वाजवतात. खणखणला तर पक्का. बद्द वाजला तर कुठंतरी तडा, आणि तडा म्हणजे गळती.

(गळका माठ. ओली होत जाणारी माती.)

लॅटिनमधल्या ‘फूटिलिस’चा मूळ अर्थ हाच: गळणारं, सांडून जाणारं. पुढं तो ‘व्यर्थ’ झाला आणि इंग्रजीत ‘फ्यूटाइल’ म्हणून आला. उपयुक्ततावाद्याला इंग्रजीत ‘युटिलिटेरियन’ म्हणतात. त्या साच्यात हा गळका शब्द बसवून झाला ‘फ्युटिलिटेरियन’. १८२७ साली तो कवी रॉबर्ट साउदीच्या लिखाणात सापडतो. इंग्रजीतही तो क्वचितच भेटतो.

निराशावाद्याला वाटतं, वाईट होणार. फ्युटिलिटेरियन म्हणतो, माणसाची धडपडच पोकळ. करा, नका करू, सारखंच. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण आपल्याकडं आहे. पण जगातला प्रत्येक घडा पालथाच, असं मानणाऱ्याला रोजच्या बोलण्यात नाव नाही. ‘व्यर्थतावादी’ म्हणता येईल. ‘निरुपयोगी’ मात्र नको, त्यानं माणसाची किंमत ठरते, त्याचं मत कळत नाही.

(मामांचा चेहरा, जवळून.)

‘काय उपेग हाय?’ मामा दर दोन वाक्यांआड म्हणतात. बाहेरचा माणूस हे ऐकतो आणि अख्ख्या मराठवाड्याला हात टेकलेला ठरवून मोकळा होतो. आम्हाला हे मान्य नाही. ‘काय उपेग’ हा इथं कधी राग असतो, कधी दमलेल्या माणसाचा सुस्कारा. मत म्हणून तो कुणी धरत नाही. हे म्हणताना मामांचं थापटणं एकदाही थांबलं नाही.

(बंद पडलेलं चाक. प्लास्टिकच्या टाक्या.)

घरोघरी फ्रिज आले, माठ कमी खपतात, मुलगा पुण्याला कामाला आहे.

(संध्याकाळ. रचलेला आवा.)

आम्ही सामान आवरायला लागलो, तर मामा म्हणाले, ‘थांबा की. आवा पेटल्यावर जावा.’