अंगणातली जलपिंपळी

नमस्कार मंडळी! आज जलपिंपळीबद्दल बोलूया. नदीच्या काठाला, पाटाच्या कडेला जमिनीला चिकटून पसरलेली असते बघा, बारीक दातेरी पानं, मधे जांभळट बोंडी आणि तिच्याभोवती पांढऱ्या-गुलाबी फुलांचं कडं. आपल्याच मातीतली आहे, आणि एकदा रुजली की कमी पाण्यात तगते.

आमच्या इंदिरानगरात शेजारी एक आजी राहतात, रिटायर्ड शिक्षिका. मुलाने हौसेनं लॉन लावून दिलेलं, ते एप्रिलमध्ये पाण्याची बोंब झाली तसं पार पिवळं पडलं. जो तो सांगायला लागला, पेव्हर ब्लॉक टाका. मला तर हे पेव्हर ब्लॉक अजिबात पटत नाहीत, दुपारी त्यावर पाय ठेववत नाही, पावसाचं पाणी जिरत नाही आणि मग बोअर आटला म्हणून आपणच ओरडतो, असो. तर आजींकडे कामाला येणाऱ्या मावशींनी जूनमध्ये पाटाकडनं जलपिंपळीचे वेल ओल्या फडक्यात गुंडाळून आणले, म्हणाल्या, "आजी, ही लावा, नुसती मातीत दाबली तरी धरते." दोघींनी मिळून लावली, दिवाळीपर्यंत अंगणात माती दिसेना! मग एक दिवस माळीदादा आले आणि तण समजून खुरप्याने काढायलाच बसले. आजींनी खुर्ची उचलली आणि मधोमध जाऊन बसल्या, "दादा, हे तण नाही, माझं लॉन आहे!" एक वेल उचलून दाखवला, पेरापेराला पांढरी मुळं फुटलेली. दादांनी बघितलं आणि जाताना चार वेल मागून नेले.

तुम्हाला लावायची तर पाऊस सुरू झाला की लावा. परत सांगते, पावसाळ्यातच. दोन-तीन पेरांचे तुकडे, वीतभर अंतर, पेर मातीखाली गेलं पाहिजे. ऊन भरपूर हवं. मुळं धरेपर्यंत माती ओली ठेवा, मग हात आखडता घ्या, उन्हाळ्यात मात्र अधूनमधून एकदा भरपूर पाणी द्या, रोज शिंपडत बसू नका. फुलांवर मधमाश्या येतात, त्या यायलाच हव्यात, फक्त लहान मुलं अनवाणी खेळणार असतील तर आधी फुलं छाटून घ्या. आणि कडेचे वेल कापत राहा, नाहीतर शेजारच्या वाफ्यात शिरतात. कापलेले तुकडे फेकू नका, कुणाला तरी द्या.