उडण्याआधीचे दोन हात

हा पाण्याचा थेंब पाहा. डावीकडच्या तुकड्यावर तो मुरला, कागद फुगला आणि फोमवरून सुटायला लागला. उजवीकडे तोच थेंब गोल बसून आहे. दोन्ही तुकडे एकाच फोम बोर्डाचे. उजव्याला सीलरचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या लेपाचे, दोन हात दिलेत, एवढाच फरक.

ठाणे, वर्तकनगर. जुलै. गॅलरीतले कपडे परवापासून दमट आहेत. आबांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये लेथवर गेली. आता नातीबरोबर या बोर्डाची रिमोटवर उडणारी छोटी विमानं बनवतात. पंख कापून झालेत, घडी घालायची आहे.

"थांब गं, आधी सील, मग घडी."

घडी पडली की आतल्या बाजूला रोलर पोचत नाही.

बोर्ड ५ मिलिमीटर जाड. मधे पॉलिस्टायरीनचा फोम, दोन्ही अंगांना कागद. त्यावर सीलर म्हणून वॉटर-बेस पीयू (पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन वॉर्निश), स्पंजच्या रोलरने, अगदी पातळ. एकाच बाजूला लावलं तर शीट पापडासारखी वळते. म्हणून दोन्ही बाजू एकाच बैठकीत, आणि वाळवण सपाट. पहिला हात वाळला की कागदाची लव उभी राहते. तिच्यावरून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा, मग दुसरा हात. पुष्कळजण सुताराचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावतात. साधा गोंद ओल लागली की पुन्हा मऊ पडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वापरू नका, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

आता ही कड. इथे कागद नाही, फोम उघडा आहे. नात बाजारातला साधा रंगाचा स्प्रे मारते.

(पाच सेकंद निवेदन नाही.)

फोम आत विरघळला, कागदाचे दोन पापुद्रे उरले. स्प्रेमधलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खातं. म्हणून कडांवर पातळ टेप, आणि रंग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिकच. वरून पिवळा, खालून निळे पट्टे, म्हणजे आकाशात विमान उलटं की सुलटं ते कळतं. गडद रंग वर नको. उन्हात तापतो, फोम नरमतो.

स्वयंपाकघरातला काटा: सील करण्याआधी पंख १९६ ग्रॅम, दोन हातांनंतर २०५. शेपटीला आबा रंगाचा एकच हात देतात. शेपटी तोलबिंदूपासून नाकाच्या तिप्पट लांब असेल, तर तिथे वाढलेल्या ५ ग्रॅमसाठी नाकात १५ ग्रॅम भरावे लागतात. लेथवरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत ग्रीन झोन (परवानगी न घेता उडवता येतं तो भाग) नसतो, म्हणून नकाशा पाहून मुरबाडच्या बाजूच्या माळावर आलोय. तिसऱ्या फेरीला सर आली, विमान गवतात उतरलं.

नात ओढणीने पंख पुसते आहे. कागद कुठेही सुटलेला नाही.