नाय बेव्हन

नमस्कार, श्रोतेहो.

आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचं नावच आपल्या कानाला गमतीचं वाटेल. अनायरिन बेव्हन हे पूर्ण नाव, पण ब्रिटनमध्ये सगळे त्याला ‘नाय’ म्हणत. आणि ‘नाय’ म्हणायला हा गडी कधी कचरला नाही!

जन्म १८९७चा, वेल्समधल्या ट्रेडिगर या कोळशाच्या गावात. तेराव्या वर्षी पोरगा खाणीत उतरला. बोलताना तोतरा. एखाद्या शब्दावर जीभ अडली की त्याच अर्थाचा दुसरा शब्द पकडायचा. त्याला साठा लागतो. तो त्यानं कामगारांच्या वाचनालयातून भरला. डोंगरावर एकटाच फिरत मोठ्यानं कविता म्हणायचा. पुढे युद्धकाळात याच जिभेनं चर्चिलना भर पार्लमेंटात हैराण केलं.

वडीलही खाणीतलेच. छातीत कोळशाची धूळ बसून १९२५ साली ते मुलाच्या हातांत गेले. भरपाई म्हणाल, तर छदाम नाही. का? तो आजार सरकारी यादीत नव्हता.

पण याच गावात एक नामी सोय होती. कामगार पगारातून थोडी वर्गणी टाकत आणि त्यातून घरच्या सगळ्यांना डॉक्टर, औषध, दवाखाना मिळे. १९२९ साली खासदार आणि १९४५ साली आरोग्यमंत्री झालेल्या नायनं काय केलं, तर ट्रेडिगरची ही सोय सगळ्या देशाला दिली. वर्गणीऐवजी बहुतेक पैसा करातून.

डॉक्टर मात्र अडून बसले. फेब्रुवारी १९४८च्या मतदानात दहातल्या जवळपास नऊ जणांनी नकार दिला. बड्या तज्ज्ञांना खासगी प्रॅक्टिसची मुभा देऊन त्यानं आपल्याकडे वळवलं. ‘त्यांची तोंडं सोन्यानं भरली,’ असं तो नंतर म्हणाल्याचं सांगतात. मला यात तत्त्वनिष्ठेपेक्षा खाणीतल्या युनियनवाल्याचा पक्का व्यवहार दिसतो. ५ जुलै १९४८ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

तीनच वर्षांत, कोरियातल्या युद्धापायी शस्त्रखर्च वाढला, तेव्हा त्याच्याच सरकारनं कवळी आणि चष्म्यासाठी लोकांकडून पैसे घ्यायचं ठरवलं. नाय म्हणाला, नाय! एप्रिल १९५१मध्ये राजीनामा दिला. लोक हसले असतील, कवळीसाठी कुणी मंत्रिपद सोडतं का? त्यानं सोडलं. पुन्हा मंत्री काही झाला नाही. १९६० साली गेला.

ट्रेडिगरजवळच्या माळावर, जिथे तो उघड्यावर सभा घ्यायचा, तिथे आज चार मोठे दगड उभे आहेत. तीन त्याच्या मतदारसंघातल्या गावांचे. चौथा, सगळ्यांत मोठा, नायचा.