कागद कोणाच्या कपाटात आहे?

(अमळनेर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली असताना अवैध सावकारी, म्हणजे परवान्याविना व्याजाने पैसे देण्याचा धंदा, हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. आखाजीला आपल्याकडे सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्यांचे, साल ठरते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली-घेतली जाते, त्याच सुमारास बियाण्यांची आणि खतांची तजवीज करायची असते आणि लेकी माहेरी आलेल्या असतात. पैशाची निकड सर्वांत मोठी आणि गाठीला रोकड सर्वांत कमी, असा हा काळ अवैध सावकाराच्या सुगीचा असतो. सहकार खात्यातील तीस वर्षांच्या नोकरीत माझे एक मत पक्के होत गेले, आणि तेच आज आपल्यापुढे मांडायचे आहे: अवैध सावकार ओळखायचा असेल तर व्याजाचा दर विचारण्याआधी कागद कोणाच्या कपाटात आहे ते पाहावे.

दर ऐकून आपली फसगत होते. सावकार ‘तीन टक्के’ म्हणतो आणि बँक ‘बारा टक्के’ म्हणते, तेव्हा भल्याभल्यांना सावकार स्वस्त वाटतो. कारण सावकाराचे तीन महिन्याचे असतात आणि बँकेचे बारा वर्षाचे, हे त्या घाईत कोणी बोलून दाखवत नाही. तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. राज्य शासनाने परवानाधारक सावकारांना शेतकऱ्यांसाठी ठरवून दिलेला दर तारणी कर्जाला वर्षाला 9 टक्के आणि विनातारण कर्जाला 12 टक्के आहे.

माझ्या चुलत्यांची हकिकत सांगतो. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. तापीकाठी त्यांची साडेचार एकर जमीन होती. 2006 मध्ये विहीर खोल करण्यासाठी आणि मोटारीसाठी त्यांनी गावातल्याच एका गृहस्थाकडून 40,000 रुपये घेतले. त्या गृहस्थांनी तारण म्हणून दोन एकरांचे खरेदीखत करून घेतले, तेही नोंदणी कार्यालयात रीतसर, आणि ‘पैसे फिटले की उलटे खरेदीखत करून देतो’ असा शब्द दिला. तो शब्द कोणत्याही कागदावर नव्हता. खरेदीखताची प्रत मागावी असे नानांच्या मनातही आले नाही. दर दिवाळीनंतर कापूस विकला की ते 14,400 रुपये नेऊन देत. ते पैसे एका लाल वहीत टिपले जात आणि वही त्या गृहस्थांच्या कपाटात राही. सहा वर्षांत 86,400 रुपये गेले, आणि मुद्दल जिथल्या तिथे होते. पुढची दोन पिके हातची गेली, व्याज थकले, आणि 2015 च्या उन्हाळ्यात त्या दोन एकरांना तारेचे कुंपण पडले.

मी ज्या खात्यात होतो ते खाते सावकारीवर देखरेख करणारे, आणि माझ्याच घरातली ही गोष्ट मला नऊ वर्षे ठाऊक नव्हती! मी विचारले, ‘नाना, मला एकदाही का नाही सांगितले?’ ते म्हणाले, ‘भाऊ, तो आपला मानूस शे.’ या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. अवैध सावकार बहुधा परका नसतो. मुलीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा असतो, रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी पैसे काढून देतो, आणि त्या उपकाराच्या ओझ्याखाली पावती मागणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. श्रोतेहो, पावती मागताना ज्याच्यापुढे आपली जीभ जड होते, त्याच्याविषयी सावध व्हावे. परवानाधारक सावकाराला प्रत्येक परतफेडीची पावती आणि कर्जाचे विवरण देणे कायद्याने भाग आहे. कोऱ्या कागदावर सही घेण्याची तर त्यालाही मुभा नाही.

नानांची जमीन परत मिळाली ती कशाच्या बळावर, हे नीट ऐकावे. सातबाऱ्यावर 2006 पासून त्या गृहस्थांचे नाव होते, परंतु विहिरीवरच्या मोटारीचे वीजबिल नऊ वर्षे नानांच्याच नावाने येत होते, आणि कापूस विकल्याच्या पावत्या काकूंनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. जमीन खरोखर विकली असती, तर विकणारा माणूस नऊ वर्षे तीच जमीन कसत कसा राहिला? शिवाय गावातले आणखी चार जण पुढे आले. एकाच व्यवहाराला समोरचा हातउसने म्हणू शकतो. तसलीच खरेदीखते पाच जणांची निघाली की तो धंदा असल्याचे दिसू लागते. म्हणून तक्रार करणाऱ्याने एकटे जाऊ नये, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, म्हणून ज्यासाठी आपण जमलो तो भाग आता भराभर सांगतो.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 2014 मध्ये आला. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास 5 वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्याज मुद्दलाहून अधिक घेता येत नाही; दामदुपटीचा हा नियम जुनाच आहे, आणि नानांचे व्याज तीन वर्षे पुरी होण्याआधीच ती मर्यादा ओलांडून गेले होते. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहाय्यक निबंधकांकडे किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अधिकाऱ्यांना घराची झडती घेऊन कागद जप्त करता येतात. अर्जाआधीच्या 15 वर्षांत सावकारीपोटी गेलेली स्थावर मिळकत चौकशीअंती परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक करू शकतात. त्यावर एक महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे, म्हणजे आपल्यासाठी नाशिकला, अपील असते. तिथे हजर राहण्याची तयारी ठेवावी.

नंदुरबारकडच्या मंडळींसाठी एवढेच, की आदिवासींच्या जमिनीला याखेरीज वेगळे संरक्षण आहे. शहादा-तळोद्यात आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या सोबत्यांनी 1970 च्या दशकात त्यासाठी लढा दिला, आणि जमिनी परत करण्याचा कायदा 1974 चा आहे.

कोरा धनादेश दिलेला असेल आणि तो न वटल्याची नोटीस आली, तर पैसे भरण्याची पंधरा दिवसांची मुदत लगेच धावू लागते. त्याच दिवशी वकील गाठावा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा क्रमांक आहे. धमकी आली तर 112.

सभा संपल्यावर मी मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी अशी गोष्ट चालू आहे त्यांनी नाव न सांगता यावे. फक्त वीजबिले, विक्रीच्या पावत्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, जे काही डब्यात असेल ते सोबत आणावे. आज आणले नसेल तर उद्या सकाळी दहापर्यंत मी गावातच आहे.