हजार गिनी, सोळाशे मीटर

[दृश्य: पहाट. महालक्ष्मी रेसकोर्स, वाळूच्या ट्रॅकवर वर्कला, म्हणजे सकाळच्या सरावाला, निघालेले घोडे.]

हाजी अलीकडून खारं वारं येतंय. डिसेंबर असला तरी मुंबईची हवा दमटच. या हवेत तीन वर्षांच्या माद्या, रेसच्या भाषेत 'फिली', इंडियन १००० गिनीज या रेसला उतरतात. नाव इंग्लंडमधल्या न्यूमार्केटहून आलेलं. तिथं ही रेस १८१४ पासून, आणि हल्ली मे महिन्यात होते. आपल्याकडे ती डिसेंबरात. १ जानेवारीला इथल्या प्रत्येक घोड्याचं वय कागदावर एका वर्षानं वाढतं, म्हणून याच फिली पुढं ओक्स या रेसला २४०० मीटर पळतील तेव्हा चार वर्षांच्या धरल्या जातील.

फिली कमी ताकदीची, असं ठरवून टाकू नका. १९४३ ची पहिली इंडियन डर्बी, म्हणजे नर-मादी एकत्र पळतात ती रेस, प्रिन्सेस ब्यूटिफुलनं मारली होती, आणि ती फिलीच.

[दृश्य: पॅडॉक, रेसआधी घोडे फिरवतात ती जागा. मागच्या पायांचा क्लोजअप.]

मान ओलसर असली तर काळजी नको, एवढा घाम इथं येतोच. मागच्या मांड्यांमध्ये साबणासारखा पांढरा फेस दिसला, शेपूट सारखी झटकतेय, घोडा धरणारा सईस ओढला जातोय, तर अर्धी रेस इथंच पळून झाली म्हणायची.

[दृश्य: स्टार्टिंग गेट.]

आत जायला कुरकुरणारीच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, मागून ढकलतात. गेट उघडताना मान वळलेली असली की दोन-तीन लेंग्थ गेल्याच. एक लेंग्थ म्हणजे घोड्याची लांबी, सुमारे अडीच मीटर.

[दृश्य: धावणारा जथा, मागून.]

या रेसचं सोळाशे मीटर हे फसवं अंतर आहे. बाराशेची वेगवान फिली पहिल्या सहाशेत लगाम ओढत जोर लावते. जॉकीनं तिला पुढच्या घोड्याच्या आडोशाला बसवलं नाही, तर शेवटच्या दोन फर्लांगांत, म्हणजे चारशे मीटरांत, टापा तोकड्या पडतात. पण आडोसा कुंपणालगत मिळाला आणि बाहेरून दुसरी येऊन चिकटली, तर वाट बंद. मग दम शिल्लक असूनही उपयोग नाही.

[दृश्य: वजनकाटा.]

जॉकी खोगीर उतरवून थेट इथं येतो. पळण्याआधी जेवढं वजन भरलं, तेवढंच आता भरायला हवं. खोगिराखालच्या कप्प्यातली शिशाची एक पट्टी वाटेत पडली असेल, तर जिंकलेली रेस इथं हातची जाते.